दोन लोव्हिना

सोमवार, १५ सप्टेंबर १८३४

आज टार्बेलांच्या घरी येऊन पडले. अकरा मैल गाडीतल्या पिठाच्या पोत्यांवर बसून आले, रंगांची पेटी मांडीवर आणि कागदांची सुरळी काखेत. हाडं अजून जागेवर आलेली नाहीत. या घरचा धंदा कातडी कमावण्याचा, त्यामुळे घर दिसायच्या आधी वासानेच कळलं की पोचले.

आसाहेल टार्बेल हे इथल्या चर्चचे डीकन, म्हणजे कारभारी. गृहस्थ सज्जन आहेत, पण शब्द असे जपून काढतात की जणू एकेक विकत आणावा लागतो. त्यांची बायको केझाया गोड आणि थकलेली. स्वयंपाकघरात राज्य आहे ते डीकनच्या थोरल्या बहिणीचं, डॉर्कस आत्याचं. तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, "म्हणजे थर्झाबाई, तुम्ही बाई असून चित्रं काढत गावोगाव फिरता? मग तुमची चूल कोण पेटवतं?" मी म्हटलं, "ज्यांची चित्रं काढते ते." ती हसली. आमचं जमेल.

काम असं: मुलांचं चित्र, पाण्याच्या रंगात, एकाच कागदावर तिघं. ऑरिन दहा वर्षांचा, लोव्हिना सहा वर्षांची, आणि दुसरी लोव्हिना. दुसरी म्हणजे खरं तर पहिली, जी सात वर्षांपूर्वी घशाच्या आजाराने गेली. मेलेल्या मुलाचं नाव वाया घालवायचं नाही ही आमच्याकडची रीत. माझ्याच माहेरी सायलस दोन झाले. दुसरा अजून आहे आणि दोन माणसांचं एकटा खातो. तेव्हा मला त्यात काही नवल वाटलं नाही. अडचण वेगळीच. गेलेल्या मुलीचं चित्र सोडा, काळ्या कागदात कातरलेली साधी सावलीसुद्धा कुणी जपलेली नाही.

मी विचारलं, "मग चेहरा कुठून आणू?"

"ही आहे ना," केझायाबाई म्हणाल्या. "हुबेहूब. देवाने तीच आम्हाला परत दिली."

मुलगी दारापाशी उभी होती. ऐकून तिने मान खाली घातली. लाजली असावी.

बुधवार, १७ सप्टेंबर

चित्रकाराला देवाने मूल द्यावं तर या लोव्हिनासारखं! ऑरिनला बसवणं म्हणजे टोपलीत बेडूक ठेवणं. या पोरीला मात्र एकदा उभी केली की तासभर हलत नाही. पापणीसुद्धा बेताने मिटते. मी आजवर तीनेकशे मुलं काढली असतील, अशी स्थिर मुलगी पाहिली नाही. मुलं मला बरोबर कळतात. त्यांना काम समजावून सांगितलं की ती ऐकतात.

केझायाबाईंनी पेटीतून पहिल्या लोव्हिनाचा पांढरा झगा आणि लाल बूट काढून दिले. अंगाला नेमके बसले. आई म्हणाली, "बघा, मापसुद्धा तेच," आणि लगबगीने बाहेर गेली.

लोव्हिनाला प्रत्येक गोष्टीचा अर्थ हवा असतो. मलाही कुणी विचारणारं भेटलं की जिभेला पाय फुटतात. मी सगळं सांगितलं. मुलाच्या हातात हातोडी, म्हणजे तो पुढे कामाचा माणूस होणार. हातात वर धरलेला गुलाब आणि शेजारी कळी, म्हणजे मूल वाढतंय. गुलाब देठाने तुटलेला, खाली लोंबता, म्हणजे मूल गेलं. एकाच पायात बूट, दुसरा शेजारी पडलेला, तेही त्याचंच. मागे विलोचं झाड झुकलेलं, म्हणजे शोक.

"मावशी, मग मी दोन्ही गुलाब धरायचे?"

"हो. आधी खाली, मग वर."

"आधी खाली का?"

"तिचा झगा अंगात आहे ना आत्ता, मग तिचं आटपून घेऊ."

तिने मान डोलावली, स्वतःच एक बूट काढला आणि कडेला नीट ठेवला. शहाणी आहे.

रविवार, २१ सप्टेंबर

सकाळी एक प्रवचन, दुपारी एक. मधल्या वेळात सगळे बाकांवर बसून आपापली शिदोरी सोडतात. केझायाबाई मात्र दोन्ही मुलांना घेऊन मागच्या स्मशानात जातात, दर रविवारी, ऊन असो की बर्फ. माझं नाक गळत होतं म्हणून मी आत्याबरोबर बसून चीज खाल्लं.

आत्या म्हणाली, "आमची पोर वाचायला कुठे शिकली सांगू? त्या दगडावर. बोटाने अक्षरं गिरवून. चार वर्षांची होती, धडाधडा वाचून दाखवायची. शाळेच्या मास्तरणीला फुकटचा पगार."

मला ते फार गोड वाटलं. स्वतःचंच नाव कोरलेलं मिळालं, गिरवायला आणखी काय हवं?

मंगळवार, २३ सप्टेंबर

पहिल्या लोव्हिनाची आकृती पेन्सिलीने पुरी झाली. उद्या रंग.

पोरीला गणिताचं वेड आहे. आज उभ्या उभ्या ओठ न हलवता विचारते, "मावशी, सव्वीस तारखेच्या पुढे अकरा दिवस मोजले तर कुठे येतात?"

"सप्टेंबरचे चार, ऑक्टोबरचे सात. सात ऑक्टोबर."

"नक्की?"

"अगं, सप्टेंबरला तीसच दिवस. स्वयंपाकघरातलं पंचांग बघ हवं तर."

"बघितलं. पण मला वाटलं मी चुकले असेन." मग थोड्या वेळाने, "म्हणजे नाही चुकले."

मी तिची पाठ थोपटली. मुलीला गणित येणं चांगलं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

आज चांभार आला. शरदात घरोघर राहून सगळ्यांचे हिवाळी बूट शिवून देतो आणि गावभरच्या भानगडी सांगतो. माणूस तोंडाळ आहे, पण हात बघत राहावा असा. ऑरिनचं माप झालं. लोव्हिना पाय आत ओढून बसली.

"माझे नको शिवायला."

"का गं? बर्फात अनवाणी नाचणार?" चांभाराने विचारलं.

"चामडं वाया जाईल."

"ऐका! चामडेवाल्याच्या घरात चामड्याची काटकसर!" आत्या म्हणाली. "आसाहेल, ही तुझ्यावर गेली रे."

डीकन चक्क हसले. पोर काही केल्या पाय देईना. शेवटी चांभार म्हणाला, "राहू दे, दोन आठवड्यांनी परत येणार आहेच." लोव्हिना त्याला म्हणाली, "तेव्हा या." फार समजुतीने म्हणाली.

जेवताना तिने सांगितलं, "मी आज सहा वर्षं आणि चार महिन्यांची झाले." ऑरिन म्हणाला, "महिने कोण मोजतं, येडे?"

मंगळवार, ३० सप्टेंबर

चेहरा रंगवला. गाल, ओठ, निळे डोळे, सोनेरी बट. पाण्याचा रंग एकदा कागदात मुरला की मुरला, खोडता येत नाही, त्यामुळे श्वास रोखून काम केलं. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण चित्र उत्तम झालंय. केझायाबाईंना दाखवलं. त्यांनी कागद उजेडात नेला. मग म्हणाल्या, "डोळे..." मी विचारलं, "काय झालं?" "काही नाही. छान आहेत."

मला जरा राग आला. निळे डोळे निळेच काढले की मी!

लोव्हिनाने आपलं अक्षरांचं भरतकाम एकदम पुरं करून टाकलं. हिवाळाभर पुरायचं होतं ते. आणि आपली बाहुली, मांजर, रंगीत खड्यांची डबी, सगळं ऑरिनला देऊन टाकलं. ऑरिन बाहुली घेऊन बावळटासारखा उभा होता. इतकं उदार मूल मी पाहिलेलं नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

लोव्हिना दोन दिवस नीट जेवत नाहीये. सारखी गारठलेली असते. आत्याने कसला तरी कडू काढा पाजला आणि पोट साफ होईल म्हणाली. काल चित्रासाठी उभी असताना ती इतकी गप्प होती की मीच मधे दोनदा "लोव्हिना?" म्हटलं. दोन्ही वेळा "अजून आहे" म्हणाली. मुलं कसं बोलतात!

डीकनची इच्छा आहे की चित्राखाली तिघांची नावं आणि पहिलीचं वय अचूक लिहावं. "दगडावरून उतरवून घ्या," म्हणाले. सोमवारी जाईन.

सोमवार, ६ ऑक्टोबर

आजच लिहिते, कारण लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःलाच काहीतरी सोयीचं सांगेन.

सकाळी स्मशानात गेले. लहानसा निळसर दगड. त्यावर: लोव्हिना, आसाहेल व केझाया टार्बेल यांची कन्या. वय सहा वर्षं, चार महिने, अकरा दिवस. कधी जन्मली, कधी गेली, काहीच नाही. मी ते वहीत उतरवलं आणि लिहून होताच हात थांबला. सव्वीस मे ही आमच्या लोव्हिनाची जन्मतारीख. सव्वीस सप्टेंबरला चार महिने. पुढे अकरा दिवस, सप्टेंबरचे चार आणि ऑक्टोबरचे सात. ही बेरीज मीच करून दिली होती. वर पाठही थोपटली होती.

घरी कशी आले आठवत नाही. ती मागच्या पायरीवर सफरचंदं सोलत बसली होती. मी शेजारी बसले.

"लोव्हिना, उद्या काय आहे?"

"मंगळवार."

"आणखी?"

तिने सुरी खाली ठेवली. चेहऱ्यावर भीती नव्हती. सुटल्यासारखी दिसली, कुणीतरी ओझ्याला हात लावावा तशी.

"तुम्हाला कळलं? मी कुणाला सांगितलं नाही. आईला रडू येतं."

"तुला हे कुणी सांगितलं?"

"लिहिलंय की. माझं नाव, बाबांचं, आईचं. आणि किती ते."

"ते तिचं आहे गं, पहिलीचं!"

"देवाने तीच परत दिली, आई म्हणते. मग आधी दिली होती तितकेच दिवस देणार ना?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि गुलाब खाली धरायला तुम्हीच सांगितलंत. मी सराव केला. हलायचं नाही त्याचा. मावशी, दुखतं का हो?"

तीनेकशे मुलं काढली म्हणून मिरवणारी मी! ती पोर तीन आठवडे माझ्या डोळ्यांसमोर मरणाची तालीम करत होती आणि मी तिच्या शांतपणाचं कौतुक करत होते. मी तिला घट्ट धरलं आणि "असं काही होणार नाही" म्हटलं. तिने माझी समजूत घातल्यासारखं माझ्या पाठीवर हात फिरवला. तिला पटलं नाही. माझं कशाला पटेल? दगडावर कोरलेलं आणि आईने सांगितलेलं, त्यापुढे रंगवालीचं काय?

केझायाबाई लोणी घुसळत होत्या. सगळं सांगितलं.

"माझ्या मुलीच्या डोक्यात हे तुम्ही भरवलंत!" त्यांचा आवाज इतका चढू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"अर्धं मी भरवलं," मी म्हटलं.

"आणि अर्धं?"

त्या घुसळत राहिल्या. लोणी केव्हाच आलं होतं, तरी घुसळत राहिल्या. मग दांडा धरूनच म्हणाल्या, "तिचे डोळे तपकिरी होते, थर्झाबाई."

"काय?"

"तपकिरी. आणि केस लालभडक. काही म्हणजे काही सारखं नाही. पण ही पोटात होती तेव्हा मी देवाजवळ तीच मागत होते. दुसरी कुणी आलीय असं म्हटलं असतं तर ती खरंच गेली असं झालं असतं."

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सकाळी लोव्हिना स्वतः केस विंचरून, रविवारचे कपडे घालून खाली आली. डीकन कामाला गेले नाहीत. डॉर्कस आत्या म्हणते, लग्नाच्या दिवसानंतर हे पहिल्यांदाच.

केझायाबाईंनी तिला मांडीवर घेतलं. मांडीत मावत नव्हती, पाय जमिनीला लागत होते.

"ऐक. तुझ्या बहिणीचं सांगते. ती तुझ्यासारखी नव्हती."

"तू म्हणायचीस हुबेहूब."

"मी खोटं बोलले."

डीकनच्या घरात हा शब्द कुणी स्वतःबद्दल वापरत नाही. ऑरिनचा चमचा हातातच राहिला.

मग त्या बोलू लागल्या, आधी अडखळत, नंतर सुसाट. ती डावरी होती. पाळण्यातल्या ऑरिनला चिमटे काढायची आणि तो रडला की स्वतःच आधी ओरडायची. प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने जांभई द्यायची. आत्याचा चष्मा कातड्याच्या कुंडात टाकला होता.

"तो तिने टाकला होता?" आत्या उठूनच उभी राहिली. "अगं बाई! आणि मी त्या बिचाऱ्या कुत्र्यावर आळ घेतला! मेला तोवर त्याच्याशी धड बोलले नाही मी!"

"ती मला 'ए आसाहेल' म्हणून हाक मारायची," डीकन एकदम म्हणाले. "भर गिऱ्हाइकांसमोर." आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून वाहू लागले. "दगडावर दिवस मीच कोरायला सांगितले. एक दिवससुद्धा कमी लिहिला असता तर तिच्यावर अन्याय झाला असता. ते दिवस तिचे होते, बाळ. तिचे एकटीचे. तुझे कुणी मोजलेले नाहीत."

सात वर्षांत या घरात त्या मुलीबद्दल देवदूत सोडून दुसरा शब्द निघाला नव्हता. आज ती एकदम आत आल्यासारखी झाली, लाल केसांची, चिमटे काढणारी. मला तर ती फार आवडली.

लोव्हिना सगळं ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "मग मी कोण?"

केझायाबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुला मी अजून नीट बघितलंच नाही गं. सहा वर्षं तुझ्यात तिला शोधत बसले. चुकलं माझं."

असं कुणा आईने लेकरापाशी कबूल केलेलं मी ऐकलं नव्हतं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

तरी पोर पक्की. "दिवस संपेपर्यंत काही खरं नाही," म्हणाली. मग सगळं घर दिवसभर तिच्याबरोबर बसून राहिलं. मक्याची कणसं सोलली. आत्याने आपल्या तरुणपणाच्या अशा गोष्टी सांगितल्या की डीकनना दोनदा खाकरावं लागलं. सूर्य टेकडीआड गेला तेव्हा ती वडिलांच्या खांद्यावर झोपली होती. डीकन तिच्या पाठीवर तळवा ठेवून बसले होते आणि प्रत्येक श्वासाला त्यांचा तळवा वर यायचा. त्यांनी दिवा लावू दिला नाही, कूसही बदलली नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

उठली. सहा वर्षं, चार महिने, बारा दिवस. लापशीचे तीन वाडगे खाल्ले.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

जुना कागद केझायाबाईंनी स्वतः चुलीत घातला. माझं इतक्या दिवसांचं काम होतं. जीव तुटला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण कागदावरची ती मुलगी कधी कुणाच्या पोटी जन्मलीच नव्हती, तिला ठेवून तरी काय करायचं?

आजपासून नवा कागद. पहिल्या लोव्हिनाला मी ऐकून काढतेय. आई, बाबा, आत्या तिघं माझ्या डोक्यावर उभे. "नाक इतकं सरळ नव्हतं." "हनुवटी पुढे काढा, हट्टी होती." "केस अजून लाल करा हो, थर्झाबाई, घाबरता काय!" गुलाब तिच्या डाव्या हातात दिलाय, खाली लोंबता. तो तिचा आहे, तिच्याकडेच राहील.

मग दुसरीला विचारलं, "तू हातात काय धरणार?"

तिने विचार केला आणि मेपलच्या पाकात बुडवलेली मक्याची भाकरी घेऊन आली.

"याचा अर्थ काय गं?" मी वही उघडून विचारलं.

"अर्थ?" ती म्हणाली. "भूक लागलीय."

मी भाकरीची कड काढेपर्यंत तिने ती खाल्ली. दुसरी आणली, तीही गेली. तिसरीच्या वेळी पाक झग्यावर सांडला, ऑरिन हसला, तिने त्याच्या पोटरीवर लाथ घातली आणि माझी पाण्याची वाटी उलटवून दारातून पसार झाली. दुपारभरात मला तिच्या चेहऱ्याची एक रेघ मिळालेली नाही. असं कुठलं मूल काढता येतं का कुणाला?

"लोव्हिना!" केझायाबाई दारात उभ्या राहून ओरडल्या, अगदी कोणतीही आई ओरडते तशा. "लोव्हिना, इकडे ये आधी!"

कुंपणापलीकडून उत्तर आलं, "येत नाही जा!"

केझायाबाई तशाच दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पुन्हा हाक मारली, उगाचच, फक्त तिने पुन्हा नाही म्हणावं म्हणून.